जमशेटजी टाटा व नागपूरची एम्प्रेस गिरणी

आपल्या अंगावरील सदऱ्याच्या काठाचा एक धागा उसवून तो डोळ्यांजवळ धरला, तर त्यात काही विशेष आहे असे कोणासही वाटणार नाही. केसाहून किंचित जाड असा तो तंतू; फुंकर मारली तरी उडून जाईल. परंतु तो निर्माण व्हावा म्हणून कोणी काळ्या रानात घाम गाळला, कोणी सरकी वेगळी केली, कोणी रुई पिंजली, कोणी पेळू केले, कोणी तुटलेले टोक पुन्हा जोडले. मराठवाड्यातील मुलांस कापूस ही काही पुस्तकात वाचण्याची वस्तू नव्हे. जळकोटच्या आसपासच्या डोंगराळ मुलखातील वृद्ध माणसांस कापसाने भरलेल्या बैलगाड्या अजून आठवत असतील, आणि नांदेडचा गावरानी कापूस तर त्याच्या लांब व मऊ तंतूबद्दल दूरदूरच्या बाजारपेठांत नावाजलेला होता. तथापि शेतातून निघालेल्या त्या कापसाचे पुढे काय होत असे, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. एके काळी तो मुंबईस जाई, तेथून जहाजात बसून विलायतेस जाई, आणि कापड होऊन दामदुप्पट किमतीने पुन्हा आपल्याच बाजारात येई. ही येरझार थांबविण्यासाठी ज्यांनी आपली बुद्धी व आयुष्य वेचले, त्यांत जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या चरित्रातील पोलादाचा कारखाना, विद्यापीठ व विद्युत्शक्ती यांच्या कथा सर्वश्रुत आहेत. या लेखात त्यांच्या गिरणीची हकीकत प्रामुख्याने सांगावयाची आहे. कारण पुढील सर्व मोठ्या कार्यांचे धडे त्यांनी प्रथम तेथेच गिरविले.

जमशेटजींचा जन्म गुजरातेतील नवसारी या गावी ३ मार्च १८३९ रोजी एका पारशी उपाध्यायांच्या कुळात झाला. वडील नसरवानजी यांनी वंशपरंपरागत उपाध्येपण सोडून मुंबईस व्यापार आरंभिला होता. मुलगा तेरा वर्षांचा होताच त्यांनी त्यास मुंबईस आणविले. एल्फिन्स्टन संस्थेत त्याचे शिक्षण झाले व १८५८ साली ते पूर्ण करून तो वडिलांच्या पेढीत दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी पेढीच्या कामासाठी त्यास हाँगकाँगला जावे लागले. चीनच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानचा कापूस व सूत यांना केवढे गिऱ्हाईक आहे, हे त्या तरुणाने तेथे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या, आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर लोटला. ज्यास त्यास सट्ट्याचे वेड लागले. नव्या कंपन्या व नव्या बँका रोज निघू लागल्या. पुढे १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव एकदम कोसळला, आणि काल लक्षाधीश असलेले लोक आज दिवाळखोर झाले. त्या वेळी जमशेटजी पेढीच्या कामासाठी लंडनमध्ये होते. टाटांच्या पेढीलाही मोठा तडाखा बसला. सावकारांना तोंड चुकविण्याऐवजी जमशेटजींनी त्यांच्यापुढे सर्व हिशेब उघडे ठेवले. त्या सचोटीचा परिणाम असा झाला की, देणे वसूल करण्याचे काम सावकारांनी त्यांच्याच हाती सोपविले. इकडे मुंबईस वडिलांना राहते घरही विकावे लागले. जमशेटजींचे वय तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. केवळ खरेदीविक्रीवर उभारलेली संपत्ती एका वाऱ्याच्या झोताने कशी उडून जाते, हा धडा त्यांस इतक्या लवकर मिळाला.

इ. स. १८६८ साली एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. दुसऱ्या वर्षी चिंचपोकळी येथील एक बुडालेली तेलाची गिरणी त्यांनी भागीदारांसह विकत घेतली आणि तिचे कापडाच्या गिरणीत रूपांतर केले. अलेक्झांड्रा या नावाने ती चांगली चालू लागल्यावर सुमारे दोन वर्षांतच त्यांनी ती नफ्याने विकून टाकली. हा व्यवहार त्यांच्या दृष्टीने उमेदवारीचा होता. त्यानंतर ते पुन्हा विलायतेस गेले व लँकेशायरमधील गिरण्या हिंडून त्यांनी तो धंदा मुळापासून अभ्यासिला.

त्या काळी हिंदुस्थानात गिरणी म्हणजे मुंबई असेच समीकरण होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन करून ताडदेव येथे सूतगिरणी उभारली, व १८५६ साली ती सुरू झाली. तेव्हापासून मुंबईत एकामागून एक धुराडी उभी राहू लागली. बंदर जवळ, बँका जवळ, यंत्रे उतरविण्यास सोयीचे. मग दुसरीकडे जावे कशाला, असा सर्वांचा विचार होता. जमशेटजींनी मात्र उलट बाजूने विचार केला. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपुराकडे, आणि हातमागावर विणणारे कोष्टीही तिकडेच पुष्कळ. असे असता कापूस पाचशे मैल मुंबईस न्यावा आणि सूत पुन्हा तितकेच अंतर मागे आणावे, यात वाहतुकीचा व्यर्थ खर्च नव्हे काय? नागपूरपर्यंत १८६७ साली आगगाडी येऊन पोहोचली होती, व वरोऱ्याच्या खाणीचा दगडी कोळसा जवळ होता. म्हणून त्यांनी नागपूरची निवड केली. १८७४ साली पंधरा लक्ष रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. निवडलेली जागा दलदलीची होती. ती भरून काढण्यातच पुष्कळ पैसा गेला. एका स्थानिक सावकाराने ही भर पाहून टाटा आपला पैसा मातीत घालीत आहेत असे म्हणून भांडवल देण्याचे नाकारले, आणि पुढे गिरणीची भरभराट पाहून त्या मातीतून सोने निघाल्याचे त्याने कबूल केले, अशी आख्यायिका सांगतात.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केल्याचा जाहीरनामा वाचला गेला. म्हणून गिरणीस एम्प्रेस हे नाव मिळाले. व्यवस्थापक म्हणून बेझनजी दादाभाई मेहता यांची नेमणूक झाली. ते रेल्वेच्या मालखात्यात काम केलेले गृहस्थ; गिरणीचा त्यांस पूर्वी काही अनुभव नव्हता. परंतु माणसे व काम यांची घडी बसविण्याची त्यांची हातोटी जमशेटजींनी ओळखली होती. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या अनुभवी इंग्रज गृहस्थांकडे होती. आरंभी १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या व ४५० माग असा गिरणीचा सरंजाम होता.

या आकड्यांचा अर्थ नीट समजण्यासाठी थोडे गणित करून पाहू. सुताचा बारीकपणा नंबरावरून मोजतात. ८४० वार लांबीची एक लडी, अशा जितक्या लड्यांचे वजन एक रत्तल भरते, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे वीस नंबरी सुताच्या एका रत्तलात १६,८०० वार, सुमारे साडेनऊ मैल लांबीचा धागा असतो! धाग्यास बळकटी येते ती पिळामुळे. वीस नंबरी ताण्याच्या सुतास दर इंचास सुमारे अठरा पीळ लागतात, आणि चातीच्या एका फेऱ्यास एक पीळ बसतो. चाती जर मिनिटास सहा हजार फेरे फिरली, तर त्या मिनिटात सुमारे ३३३ इंच, म्हणजे सव्वानऊ वार सूत तयार होईल. दहा तास ती अखंड फिरली तर साडेपाच हजार वारांचे वर, अर्थात रत्तलाचा तिसरा हिस्सा सूत निघेल. अशा तीस हजार चात्या धरल्या, तर दिवसास सुमारे दहा हजार रत्तल. हे झाले कागदावरील गणित. प्रत्यक्षात धागा तुटतो, यंत्र बिघडते, कामगार गैरहजर राहतो, पट्टा घसरतो. आणि कागदावरील आकडा व गोदामात पडलेले सूत यांमध्ये मोठी दरी राहते. गिरणी चालविणे म्हणजे ही दरी बुजविणे होय.

एम्प्रेस गिरणीत ही दरी पहिल्या वर्षांत फारच रुंद होती. काटकसर करावी म्हणून आरंभी जी यंत्रे घेतली होती, ती हलक्या प्रतीची निघाली. सूत थोडे व तेही निकृष्ट निघू लागले. शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या पुष्कळ खाली उतरला, आणि मुंबईतील शहाण्यांना आपले भाकीत खरे ठरल्याचा आनंद झाला. अशा वेळी पुष्कळ मालकांनी मजुरी कापली असती किंवा गिरणी विकून टाकली असती. जमशेटजींनी आपली चूक मान्य केली. स्वस्त यंत्र हेच सर्वांत महाग पडते, हे त्यांनी ओळखले, व नफ्याची वाट न पाहता चांगली यंत्रे मागवून जुनी हळूहळू बदलून टाकली.

यानंतर एक विशेष महत्त्वाची गोष्ट घडली. म्यूल यंत्रात चात्यांचा गाडा पुढे सरकताना सूत ओढून पिळले जाते व मागे परतताना ते गुंडाळले जाते. म्हणजे पिळणे आणि गुंडाळणे ही कामे आळीपाळीने होतात, आणि त्यास कसबी माणूस लागतो. अमेरिकेत रिंग नावाची जी नवी रचना निघाली होती, तीत चातीभोवतीच्या कड्यावरून एक लहानशी तारेची आकडी धावते आणि पिळणे व गुंडाळणे एकाच वेळी, अखंड चालते. इंग्लंडातील कारखानदार व तज्ज्ञ यांना म्यूलचा एवढा अभिमान होता की, ते या नव्या चातीकडे संशयाने पाहत. एका नामांकित यंत्रकारखान्याने तर ती करून देण्यास आढेवेढे घेतले. तेव्हा जमशेटजींनी आपली मागणी दुसऱ्याकडे नेली. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी अशी दोनच यंत्रे आणून नागपुरास बसविली व प्रयोग आरंभिला. जुन्या थ्रॉसल चात्यांची गती मिनिटास सुमारे सहा हजार फेऱ्यांची, तर रिंगची गती नऊ हजारांवर, व पुढे सुधारणा होत बारा हजारांपर्यंत गेली.

आता मघाचेच गणित पुन्हा करून पाहावे. सहा हजारांच्या जागी नऊ हजार फेरे घेतले, तर दर चातीस दिवसाचे सूत रत्तलाच्या एकतृतीयांशावरून अर्ध्या रत्तलावर येते. तीस हजार चात्यांस दहा हजारांच्या जागी पंधरा हजार रत्तल होतात. जागा तीच, छप्पर तेच, माणसेही बहुधा तितकीच. आणि उत्पन्न मात्र दीडपट! दोन यंत्रांचा तो लहानसा प्रयोग यशस्वी होताच गिरणीत रिंग यंत्रे वाढत गेली, व लँकेशायरमधील पुष्कळ गिरण्या म्यूललाच चिकटून बसल्या असता नागपूरची गिरणी त्यांच्या पुढे गेली. ज्या देशाकडून विद्या शिकावयाची, त्या देशाच्या चुकाही डोळे मिटून शिकावयाच्या नसतात, हे येथे दिसून येते.

परंतु यंत्र वेगाने फिरविणारी शक्ती वाफेची असली, तरी तुटलेला धागा जोडणारी बोटे माणसाचीच असतात. नागपुरास गिरणीचे काम नवे होते. शेतीचा हंगाम आला, घरी लग्नकार्य निघाले, किंवा हाती दोन पैसे शिल्लक पडले की मजूर कामावर येत नसे. रोज शंभरांतील सुमारे वीस माणसे गैरहजर असत. पाचव्या हिश्शाच्या चात्या ओस पडल्या, तर आपल्या गणितातील दहा हजार रत्तलांतून दोन हजार रत्तल सूत कमी झाले असे समजावे. दंड करावा, धाक घालावा, हा त्या काळचा रूढ उपाय. जमशेटजी व बेझनजी यांनी दुसरा मार्ग धरिला. नियमितपणे कामावर येणाऱ्यांस बक्षिसे ठेवली. कोणास कापड, कोणास रोख रक्कम, कोणास घड्याळ देण्यात येई. कामगारांच्या बायकामुलांसह खेळांचे समारंभ होऊ लागले. १८८६ साली पेन्शनचा फंड सुरू झाला, आणि १८९५ सालापासून अपघातात जखमी होणाऱ्यांस नुकसानभरपाई मिळू लागली. असे करणे कोणत्याही कायद्याने त्या वेळी बंधनकारक नव्हते. या देशात अपघाताच्या भरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

गिरणीतील हवेची गोष्टही अशीच. नागपूरचा उन्हाळा किती कडक व कोरडा असतो, हे सर्वांस माहीत आहे. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो व धागा वारंवार तुटतो. त्याबरोबरच बंद खोलीत उडणारी कापसाची पूड श्वासावाटे माणसाच्या फुप्फुसांत जाते. जमशेटजींनी हवा खेळती ठेवण्याची व तीत ओलावा आणण्याची यंत्रे बसविली. आगीच्या भयास्तव छतातून पाण्याचे फवारे उडतील अशी योजना केली. यामुळे सूत तुटणे कमी झाले, आणि माणसांसही थोडा सुखाने श्वास घेता आला. येथे दया व हिशेब या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

यावरून त्या काळची गिरणी म्हणजे स्वर्ग होता, असा मात्र समज कोणी करून घेऊ नये. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८१ च्या पहिल्या कारखान्यांच्या कायद्यानेही सात वर्षांच्या मुलास कामावर ठेवण्यास मुभा होती, व त्यास दिवसाचे नऊ तास राबविता येत असे. आज शाळेत पाटी घेऊन बसणाऱ्या मुलाच्या वयाची पोरे तेथे बाबिणी बदलीत. आठवड्याची सुटी मिळावी यासाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे १८९० साली रविवारची सुटी मिळाली. शिवाय गिरणीचे सूत स्वस्त झाल्यामुळे घरोघरी चरख्यावर सूत काढणाऱ्या स्त्रियांची कमाई बुडाली. हातमागाच्या कोष्ट्यांना मात्र तेच सूत उपयोगी पडले. नव्या उद्योगाचा जमाखर्च मांडताना या दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. जमशेटजींची थोरवी इतकीच की, त्या कठोर काळातही गिरणीचे उत्पन्न वाढविण्याचा मार्ग माणसाच्या हालातून जात नाही, हे त्यांनी करून दाखविले.

एम्प्रेसच्या यशावर संतुष्ट होऊन ते स्वस्थ बसले नाहीत. १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी साडेबारा लक्ष रुपयांस घेतली व तिला स्वदेशी हे नाव दिले. ती गिरणी प्रचंड होती, पण तिची यंत्रे खिळखिळी झालेली. येथे बारीक सूत काढून विलायती मालाशी सामना द्यावा, असा त्यांचा हेतू होता. आरंभी सर्व काही फसले. माल वाईट निघाला, शेअर घसरले, बँका हात आखडू लागल्या. तेव्हा एम्प्रेसमधील आपले काही शेअर विकून त्यांनी हा खड्डा भरून काढला, नागपूरची निवडक माणसे कुर्ल्यास आणविली, आणि काही वर्षांच्या चिकाटीने ती गिरणीही रुळावर आणली.

बारीक सुतास लांब तंतूचा कापूस पाहिजे, आणि या देशातील बहुतेक कापूस आखूड तंतूचा. यास्तव मिसर देशाचा कापूस येथे लावून पाहावा, असे सुचविणारे एक टिपण त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले व त्या कापसाच्या लागवडीचे प्रयोग करविले. त्याच वर्षी सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन टक्के जकात बसविली. विलायती मालास जे संरक्षण मिळे, त्याविरुद्ध जमशेटजींनी आकडे मांडून तक्रार केली. ती जकात उठण्यास पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली. ते पाहण्यास जमशेटजी राहिले नव्हते.

आयुष्याच्या अखेरच्या दशकात पोलाद, विद्युत् व विज्ञानशिक्षण या तीन योजनांचा त्यांनी ध्यास घेतला. १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले, एवढेच त्यांना पाहावयास मिळाले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडातील ब्रुकवुड येथे त्यांचे दफन करण्यात आले. पोलादाची कंपनी १९०७ साली त्यांचे पुत्र दोराबजी यांनी स्थापन केली, आणि बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ साली स्थापन झाली. त्या कार्यांना लागणारे धन व अनुभव यांचा मूळ झरा नागपूरच्या त्या चात्यांतच होता.

एम्प्रेस गिरणी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. पुढे यंत्रमागांची स्पर्धा, जुनी झालेली यंत्रे व तोटा यांनी ती खचली. १९८६ साली ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली व एकविसाव्या शतकाच्या आरंभी कायमची बंद पडली. तिच्या जागेच्या एका भागावर आता दुकानांची मोठी इमारत उभी आहे. आपल्या नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगाही एके काळी सबंध शहरास वेळ सांगत असे. तोही शांत झाला. ज्या घरांतील वडील-आजोबांनी त्या खात्यांत आयुष्य घालविले, त्यांना गिरणी बंद होणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. ज्या गिरणीने नवी चाती आणून दुसऱ्यांना मागे टाकले, तीच पुढे नवी यंत्रे वेळेवर न आल्याने स्वतः मागे पडली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

विद्यार्थिमित्रहो, जमशेटजींइतके धन आपणांस मिळेलच असे नाही. परंतु त्यांची दृष्टी घेण्यास धन लागत नाही. हाती घेतलेले काम कोठे अडते, किती वाया जाते, आणि ते का वाया जाते, हे त्यांनी स्वतः पाहिले. आपले चुकले असेल तर ते कबूल केले. आणि बरोबर काम करणाऱ्या माणसाचा श्वास व म्हातारपण यांचाही हिशेब ठेवला. पुढच्या वेळी कपाशीच्या शेतातून जाताना एखादे फुटलेले बोंड हाती घ्यावे व त्यातील रुईचा धागा किती वार लांब होईल, याचे गणित मनाशी करून पाहावे. त्या गणितात शेतकऱ्याचा व कामगाराचा वाटा मांडावयास मात्र विसरू नये.